सेवेची पावती

दर डिसेंबरमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतो. सुरुवातीला चांदणी, मग मेणबत्ती आणि त्याखाली लांबलचक यादी. ख्रिस्ती समाजाने या देशाला काय दिलं? शाळा दिल्या, कॉलेजं दिली, दवाखाने दिले, नर्सेस दिल्या, छापखाने दिले, कुष्ठरोग्यांना हात लावणारी माणसं दिली. मध्येच टक्केवारी येते. आम्ही लोकसंख्येत इतके कमी, पण देशातल्या शाळांमध्ये आमचा वाटा एवढा मोठा. हे आकडे कुठून आले, हे कुणालाच माहीत नसतं. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. मामा पाठवतो, आत्या पाठवते, चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा येऊन पडतो. ज्या वर्षी कुठेतरी कॅरोल गाणाऱ्या पोरांना अडवल्याची, मारल्याची बातमी येते, त्या वर्षी तो जरा जास्तच वेगाने फिरतो.

मीही तो कित्येक वर्षं पुढे पाठवला. आता पाठवत नाही. यादी खोटी आहे म्हणून नव्हे. आकडे बाजूला ठेवले तर तिच्यातलं बरंचसं खरंच आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यात सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या लोकांनी उपचार घेतले. १९०० सालच्या आसपासच्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. हे सगळं घडलेलं आहे आणि ते शाळेत शिकवलंही पाहिजे.

माझी तक्रार यादीबद्दल नाही, ती कशासाठी वापरली जाते त्याबद्दल आहे. ती यादी म्हणजे पावती आहे. ‘बघा, आम्ही भाडं वेळेवर भरलंय, आम्हाला बाहेर काढू नका.’ स्वतःच्या घरात राहणारा माणूस भाड्याची पावती खिशात घेऊन फिरत नाही. आपण फिरतो, कारण हे घर दुसऱ्या कुणाचं तरी आहे हे आपण मनातून मान्य करून टाकलंय.

माझा मावसभाऊ

माझा एक मावसभाऊ आहे. तो दिवसभर मोबाइलवर क्रिकेट बघतो. चर्चला नाताळ आणि ईस्टरला उगवतो, तेही जेवण असेल तर. शेजाऱ्याला कधी पाणी विचारलं असेल तर शपथ. त्या फॉरवर्डमध्ये त्याचं योगदान शून्य आहे. आता सांगा, तो कमी भारतीय आहे का?

असे मावसभाऊ सगळ्या धर्मांत, सगळ्या जातींत असतात. त्यांच्यापैकी कुणालाही ‘तुझ्या समाजाने देशासाठी काय केलं?’ असं विचारलं जात नाही. त्यांना आळशी असायची मोकळीक आहे. आम्हाला मात्र चांगलं असावंच लागतं. गोड बोलणारी नर्स, फी माफ करणारी सिस्टर, प्रेमळ शिक्षिका. सिनेमातसुद्धा ख्रिस्ती माणूस एक तर दारुडा असतो, नाही तर क्षमाशील. साधा, कटकट्या, टॅक्स भरणारा, सिग्नल तोडणारा ख्रिस्ती माणूस कुणाला दिसतच नाही.

संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना दिलंय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. ‘पुरेशी समाजसेवा केलेली असल्यास’ अशी अट त्यात नाही. मग ती अट आपणच आपल्यावर का लावून घेतो?

बरं, पावती दाखवून उपयोग तरी होतो का? ग्रॅहम स्टेन्स १९६५मध्ये भारतात आले आणि ओडिशात बारीपाड्याला कुष्ठरुग्णांमध्ये राहिले. तीसहून जास्त वर्षांची सेवा. १९९९च्या जानेवारीत मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. तिथे कुणी पावती तपासली नाही.

आपल्याकडचं सौम्य उदाहरण घ्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचं पाणी, शेती, झाडं वाचवण्यासाठी ते दहशतीच्या काळात रस्त्यावर उतरले. ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आयुष्यभर मराठीत लिहिलं. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा विरोध करणाऱ्यांनी कशावर बोट ठेवलं? पुस्तकांवर नाही. ते धर्मगुरू आहेत, यावर. ज्या माणसाची पावती फाईलभर जाड होती त्यालाही ती दाखवायला लावली, तर तुमच्या-माझ्या फॉरवर्डची काय कथा!

आमिष कुणाचं?

पावतीची दुसरी बाजूही आहे. आपण म्हणतो, ‘आम्ही सेवा केली.’ समोरचा म्हणतो, ‘ती सेवा नव्हतीच, गळाला लावलेलं आमिष होतं.’ हा वाद व्हॉट्सअॅपपेक्षा बराच जुना आहे. रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, एवढ्यावरून १८९३पर्यंत पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. त्या सगळ्या गदारोळात मिशनरी काय म्हणतात, सनातनी काय म्हणतात, सुधारक काय म्हणतात, हे भरपूर छापून आलं. डोक्यावरचे केस काढून ज्यांना घराच्या कोपऱ्यात बसवलं होतं, त्या मुलींना स्वतःला काय वाटतं, हा प्रश्न मात्र कडेला राहिला.

इथे आपल्या लोकांनीही खोटं बोलू नये. अमेरिकन मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१मध्ये नगरला पोचले, ते काही फक्त पाटी-पेन्सिल वाटायला नाही. त्यांना धर्मप्रसार करायचा होता आणि ते तो लपवतही नव्हते. दवाखान्यात औषधाबरोबर प्रार्थना असायची, शाळेत बाराखडीबरोबर बायबल असायचं. काहींच्या मनात या देशातल्या लोकांबद्दल तुच्छताही होती. ‘आम्ही फक्त सेवा केली, धर्माचं नावही काढलं नाही’ असं म्हणणं म्हणजे त्यांच्या नावावर आपली सोय खपवणं.

पण आमिष म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या टोकाचा विचार करून बघावा. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. आमचं घर त्यांतलंच. कॉलेजात मला एका मैत्रिणीने अगदी सहज विचारलं होतं, ‘तुमच्या पणजोबांना किती मिळाले गं?’ ती वाईट नव्हती. तिने घरी ऐकलेलं तेच विचारलं.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आज देते. ज्या माणसाला गावाच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, ज्याच्या पोराला शाळेत घेतलं तरी बाहेर ओसरीत बसवत होते, त्याला कुणीतरी आत बोलावून बाकावर बसवलं. याला तुम्ही आमिष म्हणता. मग बाकावर बसू न देणाऱ्यांच्या वागण्याला काय म्हणायचं? आणि गरिबाला फक्त पोट असतं, डोकं नसतं, हे कुणी ठरवलं? श्रीमंत माणूस गुरू बदलतो तेव्हा तो ‘साधक’ होतो. महाराने देव बदलला की तो ‘विकला गेला’. माझ्या पणजोबांनी भाकरी घेतली असेलही. भुकेल्याने भाकरी घ्यायचीच असते. पण त्यानंतरची पन्नास वर्षं दर रविवारी चर्चला जाणं, मुलांची नावं बदलणं, भावकीशी वैर घेणं, हे सगळं त्या एका भाकरीवर चालत नाही.

हिशेबच करायचा तर करू. मिशनरी येऊन दोनशे वर्षं झाली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती किती? साधारण पावणेअकरा लाख. म्हणजे शंभरात एकही पूर्ण भरत नाही. त्यातही वसई, मुंबईचे कॅथलिक मिशनच्या या शाळा निघण्याच्या कितीतरी आधी, पोर्तुगीजांच्या काळातले. हा गळ असेल तर टाकणारा फारच अडाणी कोळी म्हटला पाहिजे. लाखो मुलं या शाळांमधून शिकून गेली आणि हिंदूची हिंदू, मुसलमानाची मुसलमान राहिली. फुले त्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी वाद घातले, मैत्रीही केली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. शिकलेला माणूस स्वतःचं ठरवतो. शिक्षणाची खरी भीती तिथेच आहे.

आणि फायद्याचं म्हणाल, तर तो उलटा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा ठरावीक धर्मांपुरता राखला. त्यात पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याची राखीव जागा जाते, अॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण जातं. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात जागा मिळते, पण गावातली त्याची जात मात्र आहे तिथेच असते. कुणी धर्म बदलू नये म्हणून असलेला हा सरकारी अडसर कुणाला आमिषासारखा दिसत नाही.

उत्तर प्रदेशच्या २०२१च्या धर्मांतरविरोधी कायद्यात आमिषाची व्याख्या वाचा. भेटवस्तू आणि पैसा आहेच. त्यासोबत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षण आहे, चांगल्या राहणीमानाची आशा दाखवणंही आहे. ‘धर्मांतरासाठी दिलं तरच गुन्हा’ असं त्यावर उत्तर मिळेल. पण हेतू मोजायचा काटा कुणाकडे आहे? तक्रार करणाऱ्याकडे? पोलीस चौकीत? महाराष्ट्रातही २०२५च्या फेब्रुवारीत अशा कायद्याचा विचार करायला समिती नेमली गेली. जबरदस्तीने किंवा फसवून कुणाचा धर्म बदलणं वाईटच, त्याला शिक्षा व्हावीच. पण फी माफ करणं आणि फसवणं एकाच यादीत बसवलं, की उद्या शेजारणीला डबा देतानाही आधी विचार करावा लागेल.

चाळीस ब्लँकेटं

इथपर्यंत माझ्या समाजातल्या लोकांनी माना डोलावल्या असतील. आता जरा त्यांच्याकडे वळते.

दाखवायचीच सवय लागली की सेवाही दाखवण्याजोगीच केली जाते. नाताळाच्या आदल्या आठवड्यात स्टेशनबाहेर ब्लँकेटवाटप असतं. बॅनर आधी पोचतो, ब्लँकेटं नंतर. पाळकसाहेब, कमिटीचे सेक्रेटरी, ट्रेझरर, त्यांच्या मधोमध एक थंडीने कुडकुडणारी म्हातारी. एक ब्लँकेट आणि त्याला सहा हात. ‘आजी, इकडे बघा.’ फोटो नीट आला नाही म्हणून तिच्या हातातून ब्लँकेट परत घेऊन पुन्हा दिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये अशी शिकवण असलेल्या माणसांचं हे वागणं. इथे तर दोन्ही हात फ्रेममध्ये आहेत.

मग वार्षिक अहवालात ओळ येते : ‘चाळीस गरजूंना ब्लँकेटवाटप’. त्याच मंडळीतल्या एका बाईने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सहा वर्षं सगळं केलं. कूस बदलणं, पाठीच्या जखमा धुणं, रात्री तीनदा उठणं. त्यासाठी नोकरी सोडली. तिचं नाव कुठल्या अहवालात आलं? नाही. कारण ते ‘घरचं काम’. बाहेरच्या माणसाला दोन मिनिटं केलं तर सेवा आणि घरातल्या माणसाला सहा वर्षं केलं तर सुनेचं कर्तव्य. नवरा त्या सहा वर्षांत कमिटीवर होता. ‘समाजसेवेत अग्रेसर’ म्हणून त्याला शाल मिळाली. शालीची घडी तिनेच घातली असणार.

गुरू असून येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट आपण दर वर्षी पुण्य सप्ताहात ऐकतो. ती ऐकून घरी आल्यावर चहाचा कप कोण विसळतं, तेवढं बघा. कुटुंबातली भक्ती मोजायला मला दुसरं माप लागत नाही. रोज रात्री प्रार्थनेला सगळ्यांना बसवणारा बाप घरातल्या आजारपणात कुठे असतो? महिला मंडळाने दीडशे माणसांचा स्वयंपाक करायचा आणि पैशांचा निर्णय पुरुषांनी घ्यायचा, हे अजून किती वर्षं चालणार?

जातीचंही तेच. बाहेर भाषणात ‘आमच्यात जात नाही’ आणि स्थळ बघताना हळूच, ‘मूळचे कोण?’ बाकावर बसू दिलं म्हणून आपण ख्रिस्ती झालो हे अभिमानाने सांगायचं आणि शेजारच्या बाकावरच्याला मुलगी द्यायची नाही. आपल्यातले लोक विश्वस्तपदासाठी आणि मिशनच्या जमिनींसाठी कोर्टात वर्षानुवर्षं भांडतात. त्याच मिशनच्या शाळेच्या गेटवर आपल्याच वस्तीतली आई फीसाठी रडत उभी असते. हे त्या फॉरवर्डमध्ये येत नाही. पावतीवर फक्त जमा असते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. वाटमारीत जखमी झालेला एक माणूस रस्त्यात पडलाय. याजक बघून पुढे जातो, मंदिरातला सेवेकरीही जातो, शेवटी एक शोमरोनी थांबतो. शब्बाथ शाळेत ही गोष्ट आपल्याला अशी शिकवतात, जणू तो शोमरोनी म्हणजे आपणच. पण ती ज्यांना सांगितली, त्यांच्या दृष्टीने शोमरोनी परका होता, बाटलेला होता, त्याच्याशी व्यवहार नव्हता. येशूने चांगुलपणाचं उदाहरण म्हणून आपल्यातला माणूस निवडलाच नाही. आपल्यातले दोघं तर बघून निघून गेले. ही गोष्ट ऐकून ‘आमचा समाज सेवाभावी’ असा बॅनर लावणं म्हणजे गोष्ट न कळणं. आणि त्या शोमरोन्याने खर्च केला, सराईवाल्याकडे पैसे ठेवले आणि निघून गेला. जखमी माणसाला आपला धर्म सांगितला नाही, त्याचा विचारला नाही. पावती तर मागितलीच नाही.

नारायण वामन टिळकांना हे उशिरा का होईना, उमगलं होतं. १९१७मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात चालणार होते. तो फार टिकला नाही, दोनच वर्षांत टिळक गेले. पण पगार, संस्था आणि हिशेब यांच्या बाहेर पडल्याशिवाय भक्ती मोकळी होत नाही, हे त्यांनी करून बघितलं.

‘तुम्ही वेगळ्या’

माझी आई निवृत्त नर्स आहे. आमच्या सोसायटीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, बीपी बघायचं असलं, ड्रेसिंग बदलायचं असलं की आमची बेल वाजते. आई ओरडते, ‘या वेळेला?’ आणि चप्पल घालते.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं ऑपरेशन झालं. आई रोज संध्याकाळी ड्रेसिंगला जायची. त्याच आठवड्यात काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सेवेच्या नावाखाली घरात शिरणाऱ्यांपासून सावध राहा, आधी मदत करतात, मग धर्म बदलतात, वगैरे. मी तो आईला दाखवला आणि म्हटलं, आज जायचं नाही.

ती म्हणाली, ‘वाचलाय मी. जखमेने फॉरवर्ड केला का तो?’

आई मोठ्या मनाची आहे असं मला इथे सांगायचं नाही. ती चिडली होती, त्या दिवशी भांडी जरा जोरातच आपटली जात होती. गेली मात्र. ड्रेसिंग झाल्यावर तिने दारातच काकांना विचारलं, ‘भाऊ, तो मेसेज माझ्याबद्दल होता का?’

काका गडबडले. ‘छे छे सिस्टर, तुमच्याबद्दल कसा असेल? तुम्ही वेगळ्या!’

पावती दाखवून फार तर एवढंच मिळतं. ‘तुम्ही वेगळ्या.’ एका माणसापुरती, एका मजल्यापुरती सूट. बाकीचे सगळे संशयितच राहतात आणि सूट मिळालेल्याने त्याबद्दल आभार मानायचे.

आई म्हणाली, ‘मी वेगळी नाही. आमच्यात काही बरे असतात, काही वाईट. तुमच्यासारखेच.’ आणि उद्या ड्रेसिंगला उशीर होईल, असं सांगून ती वर आली.

आईने जायलाच हवं होतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. ती गेली, कारण तिच्या श्रद्धेप्रमाणे आणि पेशाप्रमाणे जखम बघितल्यावर थांबता येत नाही. तो तिचा आणि तिच्या देवाचा मामला. तिच्या जागी माझा मावसभाऊ असता तर गेला नसता आणि तरीही तो मेसेज तितकाच चुकीचा ठरला असता. अपमान करणाऱ्याला डबा पोचवणं हा कुणावर लादायचा नियम नव्हे. अल्पसंख्याकांवर तर नव्हेच.

म्हणून या डिसेंबरमध्ये तो मेसेज आला की मी एवढंच करणार आहे : पुढे पाठवणार नाही. ‘तुम्ही देशासाठी काय केलं?’ असं कुणी विचारलंच तर ‘तुम्ही केलंत तेवढंच, थोडं कमी-जास्त’ म्हणून सांगणार आहे. आणि चर्चच्या पुढच्या वार्षिक सभेत हात वर करून विचारणार आहे, की त्या सहा वर्षांची नोंद अहवालात कुठे आहे. मला तिथून खाली बसवतील, हे माहीत आहे. तुमच्या मंडळीत तुम्हीही विचारा. सगळ्यांना खाली बसवायला जरा वेळ लागेल.